लावणं आणि लागणं

पाऊस स्थिरावला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत वृक्षारोपणाचे फलक झळकतात. वनमहोत्सवाची ही प्रथा १९५० साली केंद्रीय अन्नमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी रुजवली. फलकावर 'वृक्षारोपण', सरकारी बोलण्यात 'प्लांटेशन', शेतकऱ्याच्या तोंडी 'लागवड'. काम एकच, पण तिन्ही शब्दांची चव निराळी.

'प्लांटेशन'ला मालकीचा वास आहे. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द माणसांनाही लावत: आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या भूमीवर परकी माणसं वसवली, तेही 'प्लांटेशन'च. पुढे तो ऊस, कापूस, चहाच्या अफाट मळ्यांना चिकटला. मॉरिशसच्या उसात करारावर राबायला गेलेल्यांत आपली कोकणी-मराठी माणसंही होती. एक धनी, एक पीक, सरळ रांगा. 'सागाचं प्लांटेशन' म्हटलं की आजही डोळ्यांपुढे ओळी येतात, रान येत नाही.

आपल्या 'वाडी'तही झाडं आणि माणसं दोन्ही आहेत, पण सलगीने. नारळी-पोफळीची वाडी म्हणजे आगर, आणि त्यातलं घरही. घाटकोपरच्या भटवाडीत आता दाट वस्ती आहे, तरी शब्दाने जुनी सोयरीक सोडलेली नाही.

सर्वांत रसाळ शब्द मात्र 'लागवड'. त्याच्या पोटात 'लागणं' आहे. झाडाला फळ लागतं, विहिरीला पाणी लागतं, लेकराचा लळा लागतो. 'तो माझा मामा लागतो' म्हणताना नातंसुद्धा लागतं. रोप खड्ड्यात ठेवून माती दाबली की लावणं संपलं. लागणं रोपाच्या हाती. पावसाळा सरल्यावर, उन्हाळ्याची काहिली सोसून शेंड्याला तांबूस पालवी फुटते, बुंधा हलवला तरी मुळाशी माती हलत नाही, तेव्हा माळी समाधानाने म्हणतो, "लागलं!" या एका शब्दात झाड आणि जमीन एकमेकांची नातेवाईक होतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी मुंबईतल्या आरेच्या रानातली दोन हजारांहून अधिक झाडं एका झपाट्यात तोडली गेली. तेव्हा बदल्यात लावलेल्या रोपांचे आकडे ऐकवले गेले. ते सगळे लावण्याचे होते. उभं झाड हे कैक वर्षांचं लागणं असतं. त्याची भरपाई एका दिवसाच्या लावण्याने होत नाही. म्हणून यंदाच्या फलकावर 'किती लावणार' याच्या आधी 'गेल्या वर्षीची किती लागली' हे छापलं पाहिजे. आपल्या भाषेने हा हिशेब कधीच मांडून ठेवला आहे.