समायोजित नफ्याचे गद्य

भांडवली बाजारात उतरताना कंपन्या जे माहितीपत्रक काढतात, त्याला कोणी साहित्य म्हणणार नाही. तरी गेली काही वर्षे मी ही माहितीपत्रके कादंबरीसारखी, हातात पेन्सिल घेऊन वाचत आलो आहे. मी सनदी लेखापाल नव्हे. हिशेब शिकलो तो घरच्या दुकानातल्या रोजकिर्दीवर आणि खतावणीवर, त्यामुळे पडणारे प्रश्नही दुकानदारीच असतात : विक्री किती झाली, त्यातली आपली किती, आणि गिऱ्हाईक आणायला काय लागले?

ग्रुपॉन या शिकागोच्या कंपनीचे २०११ चे माहितीपत्रक या तीन प्रश्नांसाठी जणू मुद्दाम लिहिले असावे. हॉटेले, सलून वगैरेंची सवलतीची कुपने विकणे हा तिचा धंदा. जूनमधल्या पहिल्या मसुद्यात २०१० सालचे उत्पन्न होते सुमारे ७१ कोटी डॉलर आणि परिचालन तोटा ४२ कोटी. पण त्याच मसुद्यात आणखी एक आकडा मिरवत होता, ‘समायोजित एकत्रित विभागीय परिचालन उत्पन्न’. तो होता ६ कोटी डॉलर, तोही अधिक! ही किमया कशी झाली? नवे सभासद मिळवण्यासाठी केलेला ऑनलाइन जाहिरातीचा खर्च त्यातून वगळला होता. (नाव जितके लांब तितका वगळलेला खर्च मोठा, असा माझा अनुभव आहे, नियम म्हणून सांगत नाही.)

कंपनीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. सभासद एकदा आणला की तो पुढे वर्षानुवर्षे खरेदी करील, मग त्याला आणण्याचा खर्च एकाच वर्षाच्या माथी का मारावा? पण हे खरे ठरते ते सभासद टिकला तरच. म्हणजे अमुक महिन्यात आलेल्या शंभरांपैकी वर्षाने किती उरले, हे आधी दाखवायला हवे. टिकण्याचा पुरावा नीट मांडण्याआधीच खर्च वगळणे म्हणजे पीक यायच्या आधी बियाण्याची उधारी वहीतून खोडणे. अमेरिकेच्या रोखे बाजार आयोगाने आक्षेप घेतला आणि तो आकडा ऑगस्टच्या सुधारित मसुद्यातून गेला. सप्टेंबरमध्ये उत्पन्नही बदलले. ७१ कोटींचे ३१ कोटी झाले, कारण कुपनाच्या किमतीतला व्यापाऱ्याचा वाटा आधी स्वतःच्या उत्पन्नात धरला होता. अडत्याने शेतकऱ्याच्या मालाची सगळी किंमत आपली कमाई म्हणून सांगावी, तसेच हे.

वाढीच्या आकड्यांची ही तऱ्हा, तर मूल्याची त्याहून सूक्ष्म. वर्तमानपत्रात ‘सहाशे कोटी डॉलरची कंपनी’ असे छापून येते, तेव्हा हिशेब साधा असतो : शेवटच्या गुंतवणूकदाराने दिलेला भाव गुणिले एकूण समभाग. स्क्वेअर या कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये १५.४६ डॉलर भावाने पैसे उभारले, ते याच सहाशे कोटींच्या मूल्याने. पण त्या गुंतवणूकदारांच्या करारात एक कलम होते. बाजारातील पहिल्या विक्रीत १८.५६ डॉलरपेक्षा कमी भाव आला, तर त्यांना जादा समभाग मिळणार होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये भाव ठरला ९ डॉलर. त्यांना भरपाई मिळाली, आणि तिचा भार साध्या समभागधारकांवर पडला. विम्यासकट घेतलेल्या मालाचा भाव बिनविम्याच्या मालाला लावला, की असा ‘सहाशे कोटी’चा आकडा तयार होतो. गोर्नाल आणि स्ट्रेबुलाएव या अभ्यासकांनी १३५ अमेरिकी ‘युनिकॉर्न’ कंपन्यांची करारपत्रे तपासली, तेव्हा जाहीर मूल्य वाजवी मूल्यापेक्षा सरासरी ४८ टक्क्यांनी चढे निघाले.

वुईवर्कबद्दल इतके लिहून झाले आहे, की एक वाक्य पुरे : २०१८ मध्ये ‘समुदाय-समायोजित’ नफा दाखवणारी आणि २०१९ च्या आरंभी ४,७०० कोटी डॉलर मूल्य सांगणारी ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडे सेबीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम बदलून, कंपनीने आधीच्या गुंतवणूकदारांना दाखवलेली कामगिरीची मोजमापे माहितीपत्रकातही द्यावीत आणि ती प्रमाणित करून घ्यावीत, असे बंधन घातले. पाऊल चांगले आहे. मात्र प्रमाणित होते ती बेरीज. बेरजेत काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हे ठरवण्यात कंपनीचा हात अजून बराच मोकळा आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

हे सारे मला दूरचे वाटत होते. मग मागच्या दिवाळीत भाचा घरी आला. त्याच्या पगाराचा एक भाग कंपनी समभागांच्या हक्काने देते. वर्तमानपत्रातल्या मूल्यावरून त्याने आपली रक्कम मांडली होती आणि तिच्या भरवशावर घराचे कर्ज काढायचे चालले होते. मी त्याचे पत्र मागून घेतले. त्याचे समभाग साधे, कोणत्याही हमीवाचूनचे. त्यांची संख्या पत्रात होती. कंपनीचे एकूण समभाग किती, हे कुठेच नव्हते. छेदच नसलेला तो अपूर्णांक घेऊन आम्ही दोघे फराळाच्या ताटासमोर बराच वेळ बसलो. भाऊबीजेच्या रात्री त्याने कंपनीला मेल लिहून ती संख्या विचारली. उत्तर अजून आलेले नाही, आणि कर्जाचा अर्ज त्याने तूर्त थांबवला आहे.