‘बाणदार’ आणि ‘जौक’ : दोन शब्दांच्या वाचनातील घोटाळा

अठराव्या शतकातील मराठी लष्करी कागदपत्रे वाचताना ‘बाण’ हा शब्द आला की आजच्या वाचकाचे लक्ष साहजिकच धनुष्याकडे वळते. चूक क्षम्य असली, तरी तिचा परिणाम लहान नाही. तोफा-बंदुकांच्या फौजेत मध्येच धनुर्धारी उभे राहतात आणि सारे लष्करच जुनाट भासू लागते. वस्तुतः तेथील बाण पुष्कळदा दारूचा असतो. म्हणजे बांबूच्या काठीला बांधलेली, दारू ठासून भरलेली नळी. तो चालविणारा तो बाणदार. मोल्सवर्थच्या कोशात ‘बाण’ शब्दाचे तीर आणि दारूचा बाण असे दोन्ही अर्थ आहेत. दिवाळीत बाटलीत उभा करून पोरे बाण उडवितात, तेव्हा दुसराच अर्थ त्यांच्या मनात असतो. पोरांना ठाऊक असलेला अर्थ अभ्यासकांनी विसरावा, हे नवल होय.

शब्दाची घडणही लक्षणीय आहे. ‘तिरंदाज’, ‘गोलंदाज’ यांतील ‘अंदाज’ हा फारसी प्रत्यय फेकणारा असे सुचवितो. ‘दार’ हा बाळगणारा असे. बाण स्वतःच्या जोरावर उडतो, माणूस तो वाहतो, रोखतो आणि पेटवितो, म्हणून ‘दार’ अधिक चपखल, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ‘जमादार’, ‘फौजदार’ अशा पदनामांतही हाच प्रत्यय असल्याने या तर्कावर फार भार टाकणे इष्ट नाही.

याहून मोठा घोटाळा म्हैसूरसंबंधीच्या लेखनात झालेला दिसतो. हैदर व टिपू यांच्या बाणदारांना ‘जौर्क’ म्हणत, असे विधान अनेक ठिकाणी जसेच्या तसे उतरविले जाते. मात्र या रूपामागे अरबी ‘जौक’ हा शब्द असणे अधिक संभवनीय असून त्याचा अर्थ जमाव, तुकडी असा आहे. टिपूच्या पायदळात ‘कुशून’ ही मोठी पलटण, तिच्यात रिसाले, रिसाल्यात जौक आणि जौकावर जौकदार अशी उतरंड होती. ‘फत्हुल मुजाहिदीन’ या लष्करी ग्रंथानुसार प्रत्येक कुशूनला २०० बाणदार जोडलेले असत, असे सांगितले जाते. तेव्हा ‘बाणदारांचा जौक’ यातील पहिले पद गळून दुसरेच व्यवसायवाचक ठरले असावे. मधला ‘र’ इंग्रजी लेखनाच्या वाटेने शिरला असावा. तुकडीचे नाव माणसाला चिकटल्याने त्याचे काम मात्र शब्दातून पुसले गेले.

हा वाद केवळ कोशापुरता नाही. कर्नाटकातील नगर येथे एका पडक्या विहिरीत २०१८ मध्ये म्हैसूरच्या बनावटीचे १,००० हून अधिक बाण सापडले. १७६१ च्या पानिपतच्या लढाईत नजीबखानाच्या लोकांनी एकाच वेळी २,००० बाण सोडल्याचे काशीराजाचा फारसी वृत्तान्त सांगतो. या वृत्तान्ताच्या मराठी वाचकाने येथे तीर समजले, तर रोहिल्यांच्या माऱ्याची जात बदलते आणि मराठी फौजेला कशास तोंड द्यावे लागले हेही कळत नाही. ‘अग्निबाण’ हा पर्याय त्यासाठी सुचतो. परंतु त्या शब्दाने एकीकडे पौराणिक आग्नेयास्त्र, तर दुसरीकडे अंतराळयान डोळ्यांसमोर येते. ‘दारूचा बाण’ हा साधा प्रयोग अनुवादकांनी वापरावा आणि माणसासाठी ‘बाणदार’च ठेवावा.