टँगो : परंपरा, नवता आणि पावलांचा प्रश्न

‘परंपरा’ आणि ‘नवता’ ही जोडी आपल्या समीक्षेत इतकी रुळली आहे की, ही दोन्ही पदे परस्परविरोधातूनच अर्थपूर्ण होतात असे आपण जवळजवळ गृहीत धरतो. कलाप्रकाराचा इतिहास मांडताना हा विरोध सोयीचा ठरतो खरा. परंतु सोयीच्या संकल्पना पुष्कळदा मूळ प्रश्नच झाकून टाकतात. टँगोच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. आस्तोर पिआझोलाने १९५५ साली ‘ऑक्तेतो ब्वेनोस आयरेस’ हा वाद्यमेळ उभा केला आणि त्यात इलेक्ट्रिक गिटारला स्थान दिले. तेव्हापासून ‘याला टँगो म्हणावे काय?’ हा वाद चालू आहे. उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, त्यामागील गृहीतक एकच असते : टँगोचे सत्त्व संगीताच्या संहितेत आहे. प्रस्तुत लेखात हे गृहीतकच तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम ‘परंपरा’ या पदाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ला प्लाता नदीच्या मुखाशी वसलेल्या ब्वेनोस आयरेस आणि मॉन्तेविदेओ या बंदरांत टँगो आकाराला आला. क्यूबाचा आबानेरा, गिटारच्या साथीने गायिली जाणारी मिलोंगा, आफ्रिकी वंशीयांचा कांदोंबे, इटालियन आणि स्पॅनिश स्थलांतरितांनी सोबत आणलेले सूर अशा अनेक प्रवाहांच्या संकरातून तो घडला. ज्याच्याविना आज टँगोची कल्पनाही करवत नाही ते बांदोनेऑन मूळचे जर्मन वाद्य आहे. आरंभीच्या मेळ्यांत बासरी, व्हायोलिन आणि गिटार असत. (आपल्या नाट्यसंगीतातील पेटीचे मूळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात आश्चर्य वाटू नये.) १९१७ साली कार्लोस गार्देलने ‘मि नोचे त्रिस्ते’ गायिले आणि टँगोला शोकात्म, कथनपर गीताचे रूप लाभले. बोर्हेसला हे रूपच मुळी ऱ्हासाचे लक्षण वाटले; त्याची परंपरा त्याही आधीच्या, धीट आणि उल्हसित टँगोपाशी थांबते. १९२४ साली हुलिओ दे कारोच्या षटकाने बांधेसूद वाद्यरचना आणि प्रतिसुरांची गुंफण आणली, तर १९३५ नंतर हुआन दारिएन्सोने ठसठशीत ठेक्याकडे परत जाऊन नर्तकांना नाचघराकडे ओढून आणले. त्याचे हे ‘परत जाणे’ही त्या काळी नवेच होते. परंपरेची सीमारेषा प्रत्येक पिढीने आपापल्या रुचीनुसार सरकवलेली दिसते.

मात्र एवढ्यावर थांबून ‘परंपरा ही केवळ एक रचित’ असा निर्वाळा देणे अलीकडे फारच स्वस्त झाले आहे. जुना नर्तक जेव्हा ‘यावर नाचता येत नाही’ असे म्हणतो, तेव्हा ते निव्वळ स्मरणरंजन नसते. ते आकृतिबंधाविषयीचे विधान असते आणि समीक्षकाने ते तसेच घ्यावयास हवे. टँगो-नृत्य मूलतः चालणे आहे. परस्परांच्या मिठीत असलेली दोन शरीरे गर्दीतून, आधी ठरवलेल्या पदन्यासाविना, संगीताच्या आधारे चालत असतात. पुढचे पाऊल केव्हा टाकावे, केव्हा रोखावे, हे ठरविण्यासाठी त्यांना वाद्यवृंदावर विश्वास टाकता आला पाहिजे. हा विश्वास म्हणजेच टँगोचा घाट नियंत्रित करणारा अलिखित करार होय.

या करारावर प्रकाश टाकणारा एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. पिआझोला १९३९ पासून १९४४ पर्यंत आनिबाल त्रोइलोच्या वाद्यवृंदात बांदोनेऑन वाजवीत असे आणि पुढे त्याच्यासाठी रचनांची बांधणीही करू लागला. त्याने लिहिलेल्या स्वरांपैकी कित्येक त्रोइलो खोडून टाकी. पिआझोलाच्या चाहत्यांना या खोडरबरात प्रतिभेची गळचेपी दिसते. मला मात्र त्यात एक विलक्षण जागरूक समीक्षक दिसतो. त्रोइलो नर्तकांच्या वतीने खोडत होता.

पिआझोलाची नवता लयीत आहे असेही म्हटले जाते, आणि येथे गोंधळ अधिकच वाढतो. आठ अर्धमात्रांची तीन-तीन-दोन अशी विभागणी हे त्याचे ओळखचिन्ह. पण ही विभागणी जुन्या ग्रामीण मिलोंगाच्या गिटारसाथीतच आहे. म्हणजे ज्याला आपण नवे म्हणतो ते लयीच्या पातळीवर गार्देलच्या गीतापेक्षाही जुने आहे. नर्तकाला दूर सारले ते अन्य गोष्टींनी : चालीचा अखंड ठेका लोपला, रचनेच्या मध्यातच गती बदलू लागली आणि श्रोता खुर्चीत बसला. पिआझोलाने आपल्या संगीताला ‘ब्वेनोस आयरेस शहराचे समकालीन संगीत’ असे नाव सुचविले, हे त्याच्या भक्तांपेक्षा त्याच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे.

तर मग नर्तकाशी केलेला करार पाळणे म्हणजे नवतेचा त्याग करणे काय? ओस्वाल्दो पुग्लिएसेची ‘ला युंबा’ (१९४६) ही रचना या प्रश्नाचे उत्तर देते. नावच ध्वन्यनुकारी आहे. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी ‘युं’च्या वजनाने कोसळते, दुसरी आणि चौथी ‘बा’च्या पोकळ पडसादासारखी येते. मात्रा येण्याच्या किंचित आधीपासूनच वाद्ये स्वर फरफटत आणतात आणि मग तो मात्रेवर आदळतो. ही फरफट ऐकणाऱ्याला सौंदर्यात्मक वाटेल, परंतु नर्तकाला ती सूचना असते : पाऊल उचलले गेले आहे, अद्याप टेकलेले नाही. पुग्लिएसेच्या वाद्यवृंदात गती ताणली जाते, सैल सुटते, क्वचित थांबतेही. पण प्रत्येक ताण आधी श्वासासारखा ऐकू येतो, त्यामुळे शरीराला त्याची चाहूल लागते. येथील रचना दे कारोपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे, आणि तरीही तिच्यावर नाचता येते. किंबहुना नाचता येते म्हणूनच ती गुंतागुंत नुसत्या कौशल्याच्या पातळीवर उरत नाही. पुग्लिएसेने पुढे पिआझोलाच्याही काही रचना वाजविल्या, हे ‘दोन छावण्या’ मांडणाऱ्या इतिहासकारांनी ध्यानात घ्यावे.

आता परंपरेच्या रक्षकांकडे वळू. ‘तांगो आर्हेंतिनो’ हा नृत्यप्रयोग १९८३ साली पॅरिसमध्ये आणि १९८५ साली ब्रॉडवेवर झाला. त्यानंतर जगभर नर्तक पुन्हा जमू लागले. या मेळाव्यांनाही ‘मिलोंगा’च म्हणतात. तेथे तीन-चार ध्वनिमुद्रणांचा एक ‘तांदा’ वाजतो, मध्ये विरामाचे संगीत येते, जोड्या बदलतात. बहुतेक ध्वनिमुद्रणे १९३५ ते १९५५ या काळातील असतात. समोर जिवंत वाद्यवृंद नसतो. असते ती तबकडी, आणि तबकडी नर्तकाकडे पाहून काही खोडत नाही. जिला आपण परंपरा म्हणून जपतो आहोत तिच्यातील मूळ व्यवहार, म्हणजे आजच्या नर्तकांसाठी आज वाजविणे, येथे संपुष्टात आलेला असतो. उलट नृत्य मात्र बदलत राहिले. १९९० च्या दशकात गुस्ताव्हो नावेइरा आणि फाबिआन सालास यांनी हालचालींची पद्धतशीर चिकित्सा करून नव्या शक्यता शोधल्या. परंतु या नवनृत्यालाही पुष्कळदा जुन्याच मुद्रणांची साथ होती. नवे संगीत नर्तकांविना, नवे नृत्य समकालीन वादकांविना : टँगोतील खरी फूट ही आहे. २००९ साली युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या संयुक्त प्रस्तावावरून टँगोला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या मान्यतेने ही फूट सांधली जाईल असे मानण्याचे कारण नाही.

सांधण्याचा प्रयत्न अन्यत्र झाला. पुग्लिएसेच्या वाद्यवृंदात अनेक वर्षे व्हायोलिन वाजविलेल्या एमिलिओ बाल्कार्सेच्या मार्गदर्शनाखाली २००० साली ब्वेनोस आयरेसमध्ये ‘ऑर्केस्ता एस्कुएला दे तांगो’ सुरू झाला. तरुण वादकांना वाचता येत होते, तंत्रही अवगत होते. मात्रेआधीची ती फरफट मात्र स्वरलिपीत लिहिता येत नाही. ती त्यांना वृद्ध वादकांच्या शेजारी बसूनच उचलावी लागली.