चौथ्या सीटवरचे साहित्य

नगरच्या माणसाला गर्दी ठाऊक नाही असे मुंबईकरांनी समजू नये. नवरात्रातला मोहट्याचा गड, शिर्डीची रामनवमी आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी माळीवाडा स्टँडात शिरणारी एस. टी. – या तिन्ही ठिकाणी आम्ही मनसोक्त रेटारेटी केलेली आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या तर आमच्याकडे मुलाला मुंजीआधीच येते! परंतु ही गर्दी सणासुदीची. सण सरला की ती ओसरते, आणि घरी आल्यावर तिच्या गोष्टी सांगताना गंमतही वाटते. रोज सकाळी, रोज संध्याकाळी आणि सलग तीस-पस्तीस वर्षे भेटणारी गर्दी ही निराळीच चीज आहे. ती मी पाहिली डोंबिवलीला, पुतण्याकडे तीन आठवडे राहिलो तेव्हा.

पहिल्याच दिवशी त्याच्याबरोबर मुंबईला निघालो. गाडी फलाटावर थांबण्यापूर्वीच माणसे आत उड्या घेत होती. आम्ही चढलो असे म्हणता येणार नाही. आम्हांला चढवले गेले. आत तिघांच्या बाकावर तिघे बसले होते. पुतण्याने त्यांच्याकडे नुसते पाहिले. तिघेही न बोलता चार-चार बोटे सरकले आणि बाकाच्या कडेला जी वीतभर फळी मोकळी झाली तिच्यावर त्याने मला टेकवले. एक मांडी बाकावर, दुसरी अधांतरी, आणि तोल सावरायला समोरच्या उभ्या गृहस्थाचे पोट. "काका, तुमचं नशीब जोरावर आहे. पहिल्याच दिवशी चौथी सीट मिळाली!" पुतण्या म्हणाला, आणि आजूबाजूची मंडळी हसली. मी कुरकुर केली तेव्हा तो सहज म्हणाला, "सवय होते."

हा 'सवय होते' मला काही सोडीना. नगरला परतल्यावर कपाटातली पुस्तके काढून बसलो. मुंबईत विजेची लोकल सुरू झाली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी; म्हणजे तिची शंभरी उलटली. या शंभर वर्षांत मराठी लिहिणाऱ्या कितीतरी मंडळींनी हिच्याच दांडीला लोंबकळत कचेऱ्या गाठल्या असतील. मग आमच्या साहित्याने या अधांतरी मांडीचे काय केले?

एक उत्तर चटकन सापडते: आम्ही हसलो. मराठी मध्यमवर्गाचा हा मोठाच गुण आहे, आणि पु. ल. देशपांड्यांसारखा लेखक त्याला लाभला हे त्याचे भाग्य. 'असा मी असामी'मधला धोंडो भिकाजी जोशी हा मुंबईच्या सगळ्या गैरसोयी अंगावर घेऊन आपल्याला हसवतो. पण एक गोष्ट मला पुन्हा वाचताना जाणवली. प्रवासातल्या गर्दीचे पु. लं.नी काढलेले सर्वांत जिवंत चित्र 'म्हैस'मध्ये आहे, आणि ती गर्दी एस. टी.तली आहे. म्हैस आडवी येते, मोटार थांबते, उतारू खाली उतरतात, आणि मग एकेक माणूस आपल्या बोलण्यातून उभा राहू लागतो. माणसाला वल्ली व्हायला मोटार बंद पडावी लागते! लोकल ही सवड देत नाही. ती स्टेशनात अर्धा मिनिट थांबते आणि आतल्या माणसाच्या वाट्याला दुसऱ्याची फक्त पाठ येते. म्हणून पु. लं.ची पद्धत उचलून पुढच्या विनोदकारांनी लोकलवर जे लिहिले, त्यात माणसे न येता नमुने आले: कोपऱ्यात पत्ते कुटणारे, दारात उभे राहून वारा खाणारे, भजनी मंडळ, दसऱ्याला डब्याची पूजा करणारे. हे सारे खरे आहे आणि गोडही आहे. पण दरवर्षी तेच वाचताना आपण हळूहळू असे मानू लागतो की गर्दी ही मुंबईची एक मौज आहे. विनोदाने दुःख हलके करावे. त्याने ते नाहीसे झाल्याची पावती देऊ नये.

येथे आमच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. टिळक दांपत्याने संसाराची कितीतरी वर्षे नगरात काढली. त्यामुळे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आम्हां नगरकरांना घरचेच वाटते. लक्ष्मीबाई आपल्या फजित्या सांगून पानोपानी हसवतात. पण त्यांच्या विनोदाखालचे दुखणे कधी झाकले जात नाही. कुठे लागले, कोणामुळे लागले, हे हसता हसताच वाचकाला कळते. हसण्याची ही जात निराळी. लोकलच्या विनोदाला मी हीच फूटपट्टी लावतो, आणि तो बहुधा आखूड भरतो.

दुसरे उत्तर कवितेने दिले. बा. सी. मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाची जी कोंडी मांडली ती मराठी वाचक विसरणे शक्य नाही. पिंपात मरून पडलेल्या उंदरांची त्यांची कविता 'अभिरुचि' मासिकात आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! तिच्यात आगगाडी नाही. पण ऐन गर्दीच्या वेळी डब्यात उभा असलेला कोणताही वाचक ती आपल्यावरच लिहिली आहे असे म्हणेल. मर्ढेकरांची करुणा खरी आहे, यात शंका नाही. तथापि त्या पिंपात सगळेच उंदीर सारखे आहेत. कोण कोणाचा मुलगा, कोणाच्या डब्यात काय भाजी, हे विचारायची तेथे सोय नाही. गर्दीचे रूपक झाले की माणूस हरवतो. वास्तविक, आकड्यांच्या बाबतीत रेल्वेचे हिशेबनीससुद्धा कवींच्या मागे नाहीत. नऊ डब्यांच्या ज्या गाडीत सुमारे १,७०० माणसे जावीत, तीत गर्दीच्या वेळी ४,५०० च्या वर जात असत. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. या अवस्थेला त्यांनी 'चेंगराचेंगरी'हूनही वरचे असे एक खास इंग्रजी नाव ठेवले आहे. नाव ठेवले, आणि गाडी पुढे गेली.

तिसरे उत्तर सिनेमाने दिले. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट' (२००५) या चित्रपटातला माधव आपटे हा बँकेतला साधा नोकरदार. चित्रपटाचा आरंभ मला फार मोलाचा वाटतो: तेच उठणे, तीच गाडी, तेच परतणे, दिवसावर दिवस असा ठेवला आहे की पाहणाऱ्याचाच श्वास कोंडावा. पण मग आपटे हाती बॅट घेतो, आणि त्या क्षणी तो गर्दीतला राहत नाही, नायक होतो. आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची गाडी पकडतो. उद्रेक पाहून मन मोकळे झाले म्हणजे सवय आणखी पक्कीच होते.

मग नुसते पाहिले कोणी? हसवण्याची घाई न करता, रूपकाचा आधार न घेता, बॅट न उगारता? मला सापडली ती एक छोटीशी कविता, आणि तीही मराठी कवीने इंग्रजीत लिहिलेली! दिलीप चित्रे यांच्या १९८० सालच्या संग्रहात घरी परतणाऱ्या वडिलांवर ती आहे. संध्याकाळ टळून गेल्यावरची लोकल. तीत मुकाट्याने उभा असलेला एक वयस्क माणूस. भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला रेनकोट आणि पुस्तकांनी भरून उसवत चाललेली पिशवी. तो उतरतो, घरी येतो, पातळ चहा आणि शिळी पोळी खातो, वाचीत बसतो. मुले त्याच्याशी फारसे बोलत नाहीत. एवढेच. गर्दीबद्दल कवी ओरडत नाही. पण ती पिशवी एकदा दिसली की त्या डब्यातल्या प्रत्येकाच्या हातातली पिशवी दिसू लागते. गर्दीने या माणसाचे काय घेतले, हे आपल्याला गाडीत कळत नाही. ते त्याच्या घरात कळते. कवितेचे मर्म मला येथे वाटते.

आणि वाचकहो, योग पहा: दिलीप चित्र्यांचे वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे हेच 'अभिरुचि'चे चालक! ज्यांनी मर्ढेकरांचे पिंप मराठी वाचकांपुढे ठेवले, त्यांच्याच मुलाने पुढे लोकलमधल्या बापाचे चित्र काढले. पिंपापासून त्या उसवलेल्या पिशवीपर्यंतचे हे अंतर म्हणजे लोकलच्या साहित्याने करावयाचा प्रवास, असे मी समजतो. तो फारच थोड्यांनी केला.

बायकांच्या डब्याच्या बाबतीत तर तो सुरूच झालेला दिसत नाही. महिलांसाठी संपूर्ण गाडी १९९२ साली सुरू झाली. डब्यातले हळदीकुंकू, केळवणे, आणि मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणाऱ्या बाया यांची कौतुके दिवाळी अंकांतून आपण पुष्कळ वाचतो. माझी सूनबाईही गाडीत गवार निवडते. मीही प्रथम कौतुकच केले. मग मनात आले, ही बाई भाजी गाडीत का निवडते? कारण घरी तिला तेवढा तास उरलेला नसतो. हा हरवलेला तास ज्या कथेचा विषय होईल ती कथा मला अजून भेटलेली नाही.

कोणी म्हणेल, तक्रार करून काय होते? नगरात जन्मलेले मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला तो त्यांच्या कारकिर्दीत. पाठ दुखते हे गरिबाचे म्हणणे कोणीतरी विनोद न मानता ऐकले, म्हणून तो आला. ऐकण्याचे हेच काम साहित्याचेही आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले, काही दगावले, तेव्हा दारात उभे राहून वारा खाणाऱ्यांचे विनोद मला आठवेनासे झाले.

आता मुंबईत भुयारी मेट्रोही आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. दारे आपोआप मिटतात आणि स्टेशनाला आचार्य अत्र्यांच्या चौकाचे नाव आहे, म्हणजे साहित्याची सोय झालीच म्हणायची! पण डोंबिवलीकराला तिथवर पोचायलाही आधी लोकलच गाठावी लागते.

गेल्या दिवाळीत पुतण्या आणि सूनबाई नगरला आली. रात्रभराच्या प्रवासाने दमली होती. ओसरीवर आमचा जुना लांबलचक बाक आहे. चार माणसे ऐसपैस बसतील एवढा. मी चहा सांगून बाहेर आलो, तर सूनबाई त्या बाकाच्या अगदी कडेला, एक मांडी बाहेर ठेवून, पिशवी छातीशी धरून बसली होती.

"अगं, नीट सरकून बस की," मी म्हणालो.

तिने बाजूला पाहिले आणि ती हसली. बाकावर दुसरे कोणीच नव्हते.