‘द ग्रीन माइल’: चमत्काराची सोय
फ्रँक डॅराबाँटच्या ‘द ग्रीन माइल’चे (१९९९) बळ मला चमत्कारांत दिसत नाही. पहारेकरी विजेच्या खुर्चीवरच्या देहदंडाची रंगीत तालीम करतात, मध्येच हसतात. पुढे पर्सी मुद्दाम स्पंज कोरडा ठेवतो आणि डेलाक्रॉय जिवंत जळतो. इथे अलौकिक काही नाही, म्हणूनच अंगावर काटा येतो.

अडचण जॉन कॉफीची आहे. १९३५च्या लुइझियानात दोन गोऱ्या मुलींच्या खुनासाठी दोषी ठरलेल्या या काळ्या माणसाला ना गाव, ना गोत. त्याची दैवी शक्ती बरे करते ती गोऱ्या पहारेकऱ्याला, वॉर्डनच्या पत्नीला (आणि एका उंदराला!). मायकेल क्लार्क डंकनने भूमिकेत जीव ओतला आहे, यात शंका नाही. पण त्याचे निर्दोषत्व कळलेला पॉल सोडून देण्याची गोष्ट काढतो, तेव्हा जॉनच थकल्याचे सांगून मरण पत्करतो. मारणाऱ्यांचा पेच मरणाऱ्याने सोडवायचा, ही पटकथेची सोय मला पचत नाही.