अगतिक की कोंडलेला?

कल्याणच्या महाविद्यालयात मराठी शिकवताना एक शब्द मला सतत खटकतो : अगतिक. आपली पांढरपेशी समीक्षा दलित कवितेतल्या माणसाला सर्रास हे विशेषण चिकटवते. हतबल, असहाय ही त्याचीच भावंडे. या शब्दांत थांबलेला माणूस दिसतो. थांबवणारा दिसत नाही.

दया पवारांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले. कोंडवाडा म्हटला की भिंत आली, कडी आली, कडी लावणारा हात आला. आत कोंडलेल्या जनावराचे पाय शाबूत असतात. वेसण, दावण, वेठ हे शब्दही याच जातीचे. महाराला गावाशी जखडले ते वतनाने, आणि वतनामागे कायदा होता; म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले.

माझ्या आईने शाळा पाहिली नाही. 'मी अगतिक होते' असे ती कधी म्हणाली नाही. 'त्यांनी आम्हाला हलू दिलं नाही,' असे म्हणायची. (व्याकरण तिचेच पक्के!)

मागे डोंबिवलीच्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, 'कवी अगतिक नाही, कोंडलेला आहे.' गाइडात 'अगतिक' छापलेले. मी पूर्ण गुण दिले. नियामकांनी ते निम्मे केले.