एकच फाइल, तीन पियानो

तर मंडळी, आत्ता आपण एकच सुरावट तीनदा ऐकली. एरिक सातीच्या पहिल्या ‘जिम्नोपेदी’ची सुरुवात, १८८८ सालची रचना. मिडी फाइल तीच. बदललं ते फक्त वाद्य. आधी गॅरिटनचा सीएफएक्स, मग नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा न्वार आणि शेवटी मोडार्टचा पियानोटेक. बरेच हात पहिल्यासाठी वर झाले. आमचाही झाला असता. पण हा कौल आम्हाला मान्य नाही, आणि का, तेच आज सांगायचंय.

पहिली दोन वाद्यं खरं तर एकाच जातीची. दोन्हींच्या मुळाशी यामाहाचा सीएफएक्स हा मैफिलीचा पियानो आहे. एक ॲबी रोडच्या स्टुडिओ वनमध्ये मुद्रित झाला. दुसरा निल्स फ्राम या वादकाचा, बर्लिनच्या फुंकहाउसमधल्या साल ३ या दालनात. तरी पहिला भव्य, दुसरा कानाशी कुजबुजणारा. म्हणजे आपण ‘पियानोचा आवाज’ म्हणून जे तोलत होतो, त्यात खोलीचा आणि मायक्रोफोनचा वाटा केवढा मोठा होता, बघा.

पियानोटेकमध्ये मुद्रित सूर नाहीतच. हातोडी, तार, ध्वनिफलक यांचं गणित तो त्या क्षणी करतो. म्हणूनच नमुन्यांची ग्रंथालयं अनेक जीबींची असतात आणि हा त्यांच्यापुढे अगदीच हलका. सुटा सूर ऐकला, तर मधल्या सप्तकात तो आम्हाला किंचित काचेसारखा वाटतो. तिथे मुद्रित लाकूड जिंकतं, हे कबूल. पण सातीचा पहिलाच खर्जातला सूर पेडलवर धरा आणि वर तो मंद स्वरसमूह ठेवा. खऱ्या पियानोत वरच्या सुरांनी खालची मोकळी तार पुन्हा थरथरते. न्वारमध्ये आम्हाला दोन सुंदर छायाचित्रं एकावर एक ठेवल्यासारखी वाटतात. पियानोटेकमध्ये ते सूर एकमेकांना ऐकतात. पेडल अर्धंच उचललं की फरक आणखी कळतो.

आता मूळ मुद्दा. सगळ्यांना एकच फाइल दिली, म्हणजे न्याय झाला, असं आपण धरून चालतो. पण ती फाइल आम्ही गॅरिटनचा आवाज हेडफोनवर ऐकत वाजवली होती! फाइलमध्ये पट्टी किती वेगाने दाबली, याचा १ ते १२७ मधला आकडा असतो. तो आकडा बोटांनी ठरवला खरा, पण बोटांना सांगितलं कानांनी. खर्ज घुमतोय म्हणून आम्ही तो हलका ठेवला, गुंज वाढली म्हणून पेडल लवकर सोडलं. म्हणजे इतर दोन वाद्यांना आम्ही दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातला आणि वर म्हटलं, ‘बसत नाही.’

म्हणून पुढच्या फेरीत प्रत्येक वाद्यावर तीच सुरावट नव्याने वाजवलेली ऐकवतो. तीन फाइली वेगळ्या असतील. शास्त्रीय कसोटीत हे बसणार नाही, पण वाद्याची पारख वाजवणाऱ्याला ते काय सुचवतं, यावरूनही व्हायला हवी. आवाजाची पातळी मात्र तिन्हींची सारखी ठेवली आहे, कारण जरा मोठं वाजलं की कानाला तेच चांगलं वाटतं.

डोळे मिटून ऐका. हात नंतर वर करा.